जामीन झाला, जामीनदार कुठून आणायचा?

फौजदारी न्याय सुधारायचा म्हटलं की बोलणं दिल्लीतल्या कायद्यांवर जातं. पण नावावर सातबारा असलेल्या कुणालाही आपल्याच जिल्ह्यात एक काम करता येतं, ते म्हणजे गरिबाला जामीनदार राहणं. जामीन मंजूर होऊनही ऐपतदार जामीनदार मिळाला नाही म्हणून माणसं जेलातच राहतात. पारधी वस्तीवरच्या पोराकडे जमीन नसते आणि त्याच्या ओळखीत जमीनवालाही नसतो.

असा कैदी कोण, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर जेल अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं, असा सुप्रीम कोर्टाचा २०२३ चा आदेश आहे.

कोर्टात जाताना सोबत ताजा सातबारा, आठ-अ, आधार आणि फोटो न्या. काही ठिकाणी तहसीलचं ऐपत प्रमाणपत्रही मागतात. पैसे भरायचे नसतात, बंधपत्रावर, म्हणजे आरोपी तारखेला हजर राहील या हमीवर, सही करायची असते. घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. इतर हक्कात बँकेचा बोजा असतो, खातं भावांत सामाईक असतं, नाहीतर आधारवर नाव वेगळं असतं. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला देऊन तलाठ्याकडून बोजा आधीच कमी करून घ्या. यापूर्वी कितीजणांना जामीन राहिलात, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ४८६ प्रमाणे लिहून द्यावं लागतं. भाड्याच्या जामीनदारांनी कोर्टाला इतकं फसवलंय की सरळ माणसालाही चार प्रश्न जास्त विचारतात. रागावू नका.

जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारलं, तर वकिलाला मोतीराम या गवंड्याच्या १९७८ च्या खटल्याची आठवण करून द्या. त्या गवंड्याच्या भावाला मॅजिस्ट्रेटने याच कारणाने परत पाठवलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं.

खरी जोखीम कोर्टाच्या तारखेची. दिवाळीच्या सुमारास त्याची मजुरांची टोळी ऊसतोडीला जाते आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही. तारीख चुकली की आरोपीच्या नावे वॉरंट आणि तुम्हाला त्याच संहितेच्या कलम ४९१ ची नोटीस, कधी बंधपत्राच्या रकमेची वसुलीही. म्हणून सही करण्याआधी घरच्यांचा आणि मुकादमाचाही नंबर घ्या. केसचा १६ अंकी सीएनआर नंबर ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाकून तारखा स्वतः बघत जा. टोळी निघण्याआधीच वकिलाकडून हजेरी माफीच्या अर्जाची सोय करून ठेवायला लावा. वॉरंट निघाल्यावर ते रद्द करायला त्याला फड सोडून यावं लागतं.

तरीही माणूस दाद देईना, तर कलम ४८९ खाली अर्ज करून तुम्हाला मोकळं होता येतं. मग कोर्ट त्याला हजर करून नवा जामीनदार आणायला सांगतं.