सीओईपीची मेटलर्जी की वालचंदचे कॉम्प्युटर?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की विश्रामबाग, मिरज, तासगाव अशा सगळीकडून ओळखीचे पालक हाच प्रश्न घेऊन येतात: मुलीला पर्सेंटाइल चांगले आहे, पुण्याला सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळेल आणि सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर मिळण्याची शक्यता आहे, तर कुठे घालावे? मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या) प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मेटलर्जीचे नाव निघाले की लोकांना माझी आठवण होते. माझे उत्तर असे आहे, की आधी शाखा ठरवावी आणि विद्यापीठाचा विचार त्यानंतर करावा.

नावाची ओढ मला समजते. सीओईपी १८५४ सालचे, आणि २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ असल्यामुळे पदवी स्वतःच्याच नावाने देते. वालचंद १९४७ चे. ते स्वायत्त असल्याने अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हाती आहेत, पदवी मात्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची मिळते. हा फरक पालकांना फार मोठा वाटतो. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांना आम्ही लोखंड आणि कार्बनचा फेज डायग्राम (तापमान आणि कार्बनच्या प्रमाणानुसार धातूची रूपे दाखवणारी आकृती) काढायला सांगतो, आणि ज्याने तो मनापासून शिकलेला असतो त्याचा हात कागदावर कसा चालतो हे लगेच कळते. पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव आहे याची चर्चा त्या खोलीत होत नाही.

म्हणून पालकांना मी सांगते, की मुलीला एकदा प्रयोगशाळेत घेऊन या. कास्टिंगमधून, म्हणजे ओतीव भागातून, कापलेला तुकडा पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की साध्या बिडात (ओतीव लोखंडात) ग्राफाइटच्या काळ्या, वाकड्यातिकड्या पट्ट्या दिसतात. वितळलेल्या धातूत थोडे मॅग्नेशियम घालून केलेल्या एसजी आयर्नमध्ये तेच ग्राफाइट गोल दाण्यांसारखे दिसते, आणि त्या गोलपणामुळेच ते बीड ठिसूळपणा सोडून ताण सहन करू लागते. काही मुली भिंगावरून डोळा काढत नाहीत, दुसरा तुकडा मागतात, पट्ट्यांचे दाणे का झाले हे विचारतात. काही सौजन्याने पाहून बाजूला होतात. दोन्हींत चूक काही नाही, पण दुसऱ्या प्रकारच्या मुलीला केवळ पुण्याच्या नावासाठी चार वर्षे हीट ट्रीटमेंट आणि धातुनिष्कर्षण शिकायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. तीच कसोटी कॉम्प्युटरलाही लावावी. दोन्ही संस्थांचे अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. त्यातली दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची पाने मुलीने स्वतः वाचावीत, कारण पहिले वर्ष सगळ्या शाखांचे बरेचसे सारखेच असते. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ, या भरवशावर प्रवेश घेऊ नये; त्या जागा मोजक्या असतात आणि गुणवत्तेनेच मिळतात.

शाखा ठरली की कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतिक्रमाचा अर्ज, सोपा होतो. गुणवत्तेनुसार तुमच्या यादीतला वरून जो पहिला पर्याय उपलब्ध असेल तोच दिला जातो, म्हणून क्रम मनातल्या खऱ्या पसंतीचाच लावावा. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून हवा असलेला पर्याय खाली ढकलू नये. मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप निश्चित होतो आणि पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत काय लिहायचे, यावर घरात सर्वांत जास्त बोलणे व्हायला हवे.

खर्चाचे गणित आता थोडे बदलले आहे. २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आणि कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, त्यामुळे खरा फरक उरतो तो राहण्याचा आणि मेसचा. मुलीचा कल मेटलर्जीकडे असेल आणि पुण्याचा हा खर्च झेपत असेल, तर सीओईपी पहिल्या ओळीत लिहा. कल कॉम्प्युटरकडे असेल तर वालचंद लिहा, आणि नातेवाइकांनी कितीही विचारले तरी ती ओळ बदलू नका. दोन्हींकडे सारखाच कल असेल, तर फॉर्म कन्फर्म करण्यापूर्वी दोन्ही ठिकाणच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलींना तिने स्वतः भेटावे. त्या वेळी पालकांनी बाहेर थांबावे.