आत्याच्या आजाराचे नाव

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी आंघोळ करताना माझ्या डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला, काखेच्या अलीकडे, हरभऱ्याएवढे काहीतरी टणक हाताला लागले. ते दुखत नव्हते. दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे मला पुढे कळले. गौरी-गणपती झाले, पितृपंधरवडा झाला, सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या ज्या अडतीवर मी हिशेब सांभाळते तिथली खोळंबलेली कामेही झाली, आणि मग नवरात्राच्या तोंडावर मी ही गोष्ट यजमानांच्या कानावर घातली. ते वाया घालवलेले आठवडे मला आजही टोचतात.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले, तिथे हाताने तपासणी न करताच "पाळी जायच्या वयात असं होतं" असे सांगून मला गोळ्या लिहून देण्यात आल्या. माझे वय तेव्हा ४७ होते. तेवढ्यावर मी निश्चिंत झालेही असते, पण दसऱ्याला पुण्याहून घरी आलेल्या मुलीने विचारले, "आई, त्यांनी हातच लावला नाही, मग गाठ कसली ते कळलं कसं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी मिरजेला गेलो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासण्यापूर्वी बराच वेळ प्रश्न विचारले. पाळी कितव्या वर्षी आली, पहिले मूल कोणत्या वयात झाले, अंगावर किती महिने पाजले, हार्मोनच्या गोळ्या कधी घेतल्या का, पूर्वी छातीवर रेडिएशन घेतले आहे का, वजन किती. मला पाळी बाराव्या वर्षी आली, मुलगी एकतिसाव्या वर्षी झाली आणि नोकरीमुळे मी तिला नऊच महिने पाजू शकले. पाळी लवकर येणे, उशिरा जाणे, पहिले मूल तिशीनंतर होणे किंवा मूल न होणे, यांमुळे शरीर अधिक वर्षे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या प्रभावाखाली राहते आणि धोका काहीसा वाढतो, हे त्यांनी समजावून सांगितले. स्तनपानाने तो कमी होतो; एकूण बारा महिने पाजले तर साधारण ४ टक्क्यांनी. मी वरमले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, हे दोष मोजायला नाही विचारत. तुमची तपासणी किती बारकाईने करायची, ते मला ठरवायचंय."

शेवटचा प्रश्न घरातल्या आजारांचा होता. आईकडे कोणाला नाही, हे मी लगेच सांगितले. "आणि वडिलांकडे?" या प्रश्नावर मी थोडी थांबले. हा आजार आईकडूनच येतो असे मी धरून चालले होते. पण बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. त्या रात्री मी तासगावच्या काकूंना फोन केला. माझी आत्या वारली तेव्हा मी सातवीत होते आणि तिला कावीळ झाली होती, एवढेच मला ठाऊक होते. काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "छातीत गाठ होती गं तिच्या. फुटून वाहायला लागली तेव्हा आम्हाला कळलं. घरात पोरी उजवायच्या होत्या, म्हणून कुणी बाहेर बोललं नाही." आत्या तेव्हा ४२ वर्षांची होती. काविळीची गोष्टही खोटी नसावी, कारण हा आजार यकृतापर्यंत पोहोचला की कावीळ होऊ शकते. पण पस्तीस वर्षे आम्हा साऱ्या भावंडांना आजाराचे खरे नाव कळले नाही. पोरींची लग्ने नीट व्हावीत म्हणून जे झाकले, ते नेमके त्याच पोरींना माहीत असणे सर्वांत गरजेचे होते.

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, दिवशी पावडर किंवा डिओडरंट लावून येऊ नये, हे मला कोणी सांगितले नव्हते. पावडरीचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसू शकतात, म्हणून तिथल्या बाईंनी ओला कापूस देऊन काख पुसायला लावली. मंगळसूत्र काढून रुमालात बांधले. यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबला जातो तेव्हा कळ येते, पण ती काही सेकंदांचीच असते. प्रत्येक बाजूचे वरून एक आणि तिरके एक असे दोन फोटो झाले. माझे स्तन घन असल्यामुळे, म्हणजे फिल्मवर तेही गाठीसारखेच पांढरे दिसत असल्यामुळे, सोनोग्राफीही केली. त्यानंतर जागा बधिर करून सुईने गाठीचे तुकडे काढले. सुई सुटताना खट्‌ असा आवाज होतो. तो आधी ऐकवतात, म्हणून दचकायला होत नाही.

अहवाल आठ दिवसांनी आला. फायब्रोॲडिनोमा, म्हणजे साधी गाठ; कर्करोग नाही. मुलगी रडली, मला मात्र सगळा वेळ आत्या आठवत होती.

मॅडमनी त्याच भेटीत पुढचे सांगितले. जनुकीय चाचणी शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात. आत्या नसल्याने समुपदेशन घेऊन मग निर्णय घ्यायचा. वर्षातून एकदा मॅमोग्राफी करायची. पाळी झाल्यावर चार-पाच दिवसांनी आरशासमोर उभे राहून आकार, कातडीवरची खळी, आत ओढलेले बोंड, रक्ताळ स्राव यांकडे लक्ष द्यायचे. ज्या बायकांना हा आजार होतो त्यांतल्या बहुतेकींच्या घरात आधी कोणालाच झालेला नसतो, म्हणून हे सगळ्याच बायकांनी करावे, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होते, त्यामुळे माझे ७१ किलो वजन आता निव्वळ गुडघ्यांचा प्रश्न राहिलेले नाही. आठवड्याला १५० मिनिटे जोमाने चालायचे, हा हिशेब मी आमराईत पहाटे तीस मिनिटे, पाच दिवस, असा बसवला आहे. मुलीला मी दारूबद्दलही मोकळेपणाने सांगितले, कारण थोडी दारूसुद्धा हा धोका वाढवते. ब्रा घातल्याने किंवा छातीला मार लागल्याने कर्करोग होतो, या समजुतींना आधार नाही. दिवसभर हळदीत वावरत असल्याने मला अनेकजणी विचारतात, हळदीचे दूध घेतले की पुरे ना? आमच्या सांगलीच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण तिने हा आजार टळतो असे सिद्ध झालेले नाही, आणि दूध घेऊन तपासणी टाळणाऱ्या बाईला मी तसे स्पष्ट सांगते.

आत्याची मुलगी जतला असते. ती आता पन्नाशीची आहे आणि तिची एकदाही तपासणी झालेली नव्हती. फोनवर तिला तिच्या आईच्या आजाराचे नाव सांगताना माझा आवाज कापत होता. "आता या वयात कशाला?" असे ती म्हणाली, तेव्हा मी तिला मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा अभ्यास सांगितला: सुमारे दीड लाख बायकांचा, वीस वर्षे चाललेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, तरी पन्नाशीपुढच्या बायकांचे या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. ती काही वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "तू येशील माझ्याबरोबर?"

शनिवारी सकाळच्या एसटीने ती सांगलीला येणार आहे आणि तिथून आम्ही मिरजेला जाणार आहोत. पावडर लावून येऊ नकोस, एवढे तिला आधीच सांगून ठेवले आहे.