१९७२च्या शेव्हर्लेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवताना

टेक्सासमधल्या ज्या गॅरेजमध्ये मी गिअरबॉक्सचे काम पाहतो, तिथे जुने ट्रक येतात ते बहुधा इंजिनासाठी नाहीतर रंगकामासाठी. धडधाकट मॅन्युअल गिअरबॉक्स उतरवून ऑटोमॅटिक बसवून द्या, असे म्हणणारे ग्राहक थोडे. आणि जे येतात तेही जरा संकोचानेच बोलतात, कारण जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत या बदलाला पाप समजणारे लोक बरेच आहेत. १९७२चा शेव्हर्ले सी-१० हा पिकअप ट्रक घेऊन आलेले वृद्ध गृहस्थ मात्र सरळ बोलले. डाव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली होती, क्लच दाबणे झेपत नव्हते, आणि गुरांचा चारा आणायला त्यांना हाच ट्रक हवा होता. यापुढे मूळपणाचा वाद घालण्यात मला काही अर्थ वाटला नाही.

ट्रकमध्ये एसएम ४६५ हा चार गिअरचा बॉक्स होता. बिडाचे घर, वजन ऐंशी किलोच्या घरात, आणि पहिला गिअर ६.५५ला १ (इंजिनाचे ६.५५ फेरे झाले की बॉक्समधून बाहेर एक) इतका खालचा, की रिकामा ट्रक सगळे जण दुसऱ्यातूनच उचलतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रकच्या कामावर माझा हात बसला, त्यामुळे असला बॉक्स उघडताना मला घरचे काम केल्यासारखे वाटते. तो उतरवताना थोडे वाईट वाटलेच.

त्याच्या जागी काय बसवायचे, हा पहिला प्रश्न होता. टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स त्याच काळातला, आखूड आणि साधा. पण त्याचा वरचा गिअर १ला १, म्हणजे जुन्या बॉक्सच्या चौथ्याइतकाच. या ट्रकच्या मागच्या एक्सलचे गुणोत्तर ३.७३ आणि टायर २८ इंची, त्यामुळे ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेत होते. १९८२ साली आलेल्या ७००आर४ या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला ०.७०चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा वरचा गिअर) आहे, म्हणून त्याच वेगाला फेरे दोन हजारांच्या आसपास येतात. मालकांना हायवेने जावे लागत असल्याने आम्ही ७००आर४ ठरवला. तो टर्बो ३५०पेक्षा सुमारे तीन इंच लांब असतो आणि त्याचा मागचा आधारही मागे येतो, म्हणून क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून आधार देणारा चासीचा आडवा भाग) मागे सरकवून चासीला नवी भोके पाडावी लागली आणि मागच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून, पुन्हा बॅलन्स करून आणावा लागला.

बॉक्स बदलणे हा या कामाचा लहान भाग आहे, हे मी प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगतो. क्लच ज्यावर बसतो ते जड फ्लायव्हील जाते आणि त्या जागी पातळ फ्लेक्सप्लेट ही चकती येते. स्टार्टर ज्यांत अडकतो ते तिचे कडेचे दात मोजून घ्यावे लागतात, कारण १५३ दात आणि १६८ दात यांचे स्टार्टर वेगळे असतात. इथे दोन्हीकडे १६८ निघाले, म्हणून जुना स्टार्टर राहिला. क्रँकच्या टोकातला, जुन्या बॉक्सच्या शाफ्टला आधार देणारा पायलट बुश काढला. मॅन्युअल ट्रकच्या रेडिएटरमध्ये ऑटोमॅटिकचे तेल गार करण्याची सोय नसते, म्हणून पुढे वेगळा कूलर लावला. ट्रक गिअरमध्ये असताना स्टार्ट होऊ नये यासाठी स्टार्टरची वायर न्यूट्रल स्विचमधून फिरवली.

खरा कस लागला तो टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून इंजिनाचा जोर बॉक्सला देणारा भाग, बसवताना. कन्व्हर्टर बॉक्सच्या तोंडात नुसता सरकवून भागत नाही. त्याला इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते), स्टेटरच्या (कन्व्हर्टरच्या आत तेल वळवणाऱ्या चक्राच्या) आधारनळीचे स्प्लाइन आणि पंपाच्या खाचा, अशी तीन घरे एकामागून एक सापडावी लागतात. आम्ही तो नीट बसवला होता, पण जॅकवर बॉक्स चढवताना त्याचे तोंड जरा खाली झुकले आणि कन्व्हर्टर पंपाच्या खाचांतून सुटून पुढे आला. दोन बोल्ट हाताने लागले होते आणि बेलहाउसिंग (इंजिनाला जोडले जाणारे बॉक्सचे घंटेसारखे तोंड) व इंजिन यांच्यात करंगळीएवढी फट उरली होती. माझ्याबरोबरचा तरुण मेकॅनिक ती फट बोल्टनेच ओढून घ्यायला हवेची गन उचलणार, तेवढ्यात मी बेलहाउसिंगखालच्या उघड्या भागातून हात घालून कन्व्हर्टर फिरवून पाहिला. तो जागचा हलेना. त्या क्षणी बोल्ट आवळले असते तर पंप फुटला असता, आणि ते कळले असते तेल भरून इंजिन सुरू केल्यावर.

बॉक्स पुन्हा खाली घेतला. कन्व्हर्टर दोन्ही हातांनी किंचित उचलून धरला आणि आत रेटत सावकाश फिरवत राहिलो, तेव्हा कुठे एक भरीव 'खट्' ऐकू आले आणि तो दीड सेंटिमीटर आत गेला. या वेळी बेलहाउसिंग बोटांच्या जोराने इंजिनाला टेकले, कन्व्हर्टर मोकळा फिरला, आणि तो फ्लेक्सप्लेटपर्यंत पुढे ओढायला सुमारे चार मिलिमीटर जागा उरली. तीन ते पाच मिलिमीटर हवी असते. त्या तरुण मेकॅनिकने गेज लावून ती स्वतः मोजली; मी त्याला आणखी काही बोललो नाही.

७००आर४ची दुसरी खोड म्हणजे कार्ब्युरेटरपासून बॉक्सपर्यंत जाणारी टीव्ही केबल. टीव्ही म्हणजे इथे थ्रॉटल व्हॉल्व्ह. अनेक लोक हिला किकडाउनची (एक्सलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल समजतात आणि अंदाजाने ताणून मोकळे होतात. वास्तविक बॉक्समधला तेलाचा दाब हीच केबल ठरवते. ती सैल राहिली तर दाब कमी पडून क्लचच्या प्लेटा घसरतात आणि बॉक्स बघता बघता जळतो. या ट्रकवर नंतर बसवलेला बाहेरचा कार्ब्युरेटर होता, त्याच्या लिव्हरची चाल केबलला जुळत नव्हती, म्हणून योग्य ब्रॅकेट मागवून थांबलो. तोवर ट्रक जागचा हलवू दिला नाही. एक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर केबलही पूर्ण ओढली जाते याची खात्री केली आणि दाब गेजवर पाहिला, मगच चाचणीला निघालो.

गाडी मालक चालवत होते, मी शेजारी. गिअर वेळेवर आणि घट्ट पडत होते. चौथा पडला तेव्हा इंजिनाचा आवाज इतका उतरला की त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिले. पुढच्या चौकात थांबायची पाटी आली आणि त्यांच्या डाव्या पायाने कित्येक वर्षांच्या सवयीने क्लच दाबला. क्लच नव्हता. त्या जागेपर्यंत आम्ही बसवलेले ऑटोमॅटिकचे रुंद ब्रेक पेडल पसरले होते. ट्रक नाकावर उभा राहिल्यासारखा थांबला, माझे दोन्ही हात डॅशबोर्डवर, आणि मागे नशिबाने कोणी नव्हते.

परत आल्यावर रुंद पेडल काढून मॅन्युअलचे मूळचे अरुंद पेडल लावले. क्लचचे पेडल आणि त्याची दांडी जुन्या बॉक्ससोबत खोक्यात भरून, वर चिठ्ठ्या लावून त्यांच्याकडे दिली. पुढच्या मालकाला ट्रक पूर्ववत करावासा वाटला तर काही शोधायला नको. काही आठवड्यांनी ते तेल तपासून घ्यायला आले. डावा पाय अजूनही खाली जातो, म्हणाले, पण आता तो मॅटवर पडतो.