क्लबिंग

परवा दुपारी ओटा पुसून जरा पाठ टेकणार, तोच सीएंच्या ऑफिसातून फोन. जुलै महिना, रिटर्नचे दिवस. पलीकडून पोरगी म्हणाली, "काकू, तुमच्या त्या एफडीचं व्याज तुमच्यात नाही दाखवायचं. काकांच्या उत्पन्नात जाणार. क्लबिंग म्हणतात त्याला."

"अगं, पण एफडी माझ्या नावावर आहे!"

"नावावर तुमच्या आहे, पैसे काकांनी दिले ना?"

दिले खरे. फंड मिळाला तेव्हा पाच लाख माझ्या नावानं ठेवले आणि वर "आता तुझे तू सांभाळ" असंही म्हणाले. सांभाळतेय मी, व्याज दिसतंय त्यांचं.

एरवी आयकर खात्याला आमचं लग्न दिसतसुद्धा नाही. रिटर्न वेगळे, स्लॅब वेगळे, नवरा-बायकोनं मिळून भरायची सोय नाही. लग्नाला २७ वर्षं झाली, तरी माझ्या पॅनकार्डावर आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचंच नाव आहे. पण नवऱ्यानं बायकोच्या हातावर चार पैसे ठेवले, की खात्याला एकदम मंगलाष्टकं ऐकू येतात. दिलेल्या रकमेवर कर नाही, पण तिचं व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात. त्या व्याजावर पुढं जे व्याज येईल ते मात्र माझं. म्हणजे नातवंडं तेवढी माझ्याकडे.

पोरगी हुशार होती. म्हणाली, लग्नाआधी दिले असते तर क्लबिंग झालं नसतं. देताना दोघं नवरा-बायको असायला हवेत, असं सुप्रीम कोर्टानं १९६३ सालीच म्हटलंय. मी आठवून पाहिलं. साखरपुड्यात ह्यांनी मला तुळशीबागेतली पर्स दिली होती. रिकामी.

एकेकाळी सरकार लग्नाची कदर करायचं. १९५५च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांना दोन हजारांपर्यंत करमाफी दिली आणि सड्यांना फक्त एक हजार. दुर्गाबाईंशी त्यांचं लग्न १९५३चं. अनुभवाचे बोल असणार.

आमच्या शनिवारातल्या वाड्यात असली भानगड नव्हती. दादा पगाराचं पाकीट देवापुढं ठेवायचे, आई उचलायची. वाण्याची वही, दूधवाला, आमच्या फिया असं सगळं करून जे उरेल ते मुगाच्या डाळीच्या डब्यात तळाशी. भिशीचे पैसे काढायचे असले की मला हाक. माझा हात लहान, डाळ न सांडता आत जायचा. "काढ, पण मोजू नकोस," आई दाराकडे बघत म्हणायची. नोटांना हिंगाचा वास यायचा, कारण शेजारचा डबा हिंगाचा. एक दिवस शिवणयंत्र घरात आलं. दादांनी चष्म्यावरून एवढंच विचारलं, "डाळ एवढी महाग झालीय का?" त्यांना डबा ठाऊक होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आईला बहुतेक पहिल्यापासून.

त्या यंत्रावर आईनं वाड्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवले. ते पैसे कुणाच्यात धरायचे, हे पोरीला विचारायचं राहिलंच. फोन ठेवताना ती सहज बोलून गेली, "आणि काकू, क्लबिंग दोघं असेपर्यंतच हं."

दादा गेल्यावर आईची पेन्शन सुरू झाली. डबा अजून आहे तिच्याकडे. त्यात आता नुसती डाळ असते.