ॲडव्हान्स्ड फिजिक्समध्ये नेमकं काय वाढतं?

शाळेतलं नेहमीचं फिजिक्स संपवून ॲडव्हान्स्ड कोर्सला बसणाऱ्यांना वाटतं, आता सूत्रं दुप्पट होणार. सूत्रं वाढतात, पण त्रास त्यांचा नसतो. कुठलं सूत्र कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हे आता तुम्हाला ठरवावं लागतं, आणि गुण तिथेच जातात. त्वरण स्थिर असतानाची गतीची समीकरणं सगळ्यांना तोंडपाठ असतात. हवेचा रोध धरला की त्वरण क्षणाक्षणाला बदलतं आणि ती तिन्ही समीकरणं निरुपयोगी होतात.

सुरुवात यांत्रिकीने होते आणि बहुतेकांची गाडी अडतेही इथेच. नमुन्यादाखल एक गणित घ्या. घर्षण नसलेल्या टेबलावर ३ किलोचा ठोकळा, त्याला बांधलेली दोरी कप्पीवरून खाली सोडलेली, टोकाला २ किलोचं वजन. सोडल्यावर दोरीतला ताण किती? २ गुणिले ९.८ (गुरुत्व त्वरण), म्हणजे १९.६ न्यूटन, असं उत्तर झटकन येतं आणि ते चूक असतं. ताण तेवढा असता तर लोंबणारं वजन खाली यायला सुरुवातच झाली नसती. दोन्ही वस्तूंच्या फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकेका वस्तूवरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृत्या, वेगवेगळ्या काढा. खालच्या वस्तूसाठी १९.६ वजा ताण बरोबर २ गुणिले त्वरण. वरच्यासाठी ताण बरोबर ३ गुणिले त्वरण. बेरीज केली की त्वरण ३.९२ येतं आणि ताण ११.७६ न्यूटन.

इथे थांबू नका. टेबलावरचा ठोकळा डोंगराएवढा जड केला तर? काहीच हलणार नाही, ताण १९.६ च्या जवळ जाईल. तोच ठोकळा कागदासारखा हलका केला तर वजन जवळजवळ मुक्तपणे पडेल आणि ताण शून्याकडे जाईल. तुमचं समीकरण ही दोन्ही टोकं दाखवत नसेल, तर कुठेतरी चिन्ह चुकलंय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तरी फार थोडे जण करतात. पुढे घूर्णन गतीच्या प्रकरणात हीच कप्पी वस्तुमान घेऊन परत येते. मग तिच्या दोन बाजूंचे ताण सारखे धरता येत नाहीत.

घर्षणाचा सापळाही ठरलेला. ५ किलोची पेटी, स्थितिक घर्षण गुणांक ०.४, आडवा धक्का १० न्यूटनचा. घर्षण १९.६ (०.४ गुणिले ५ गुणिले ९.८) नव्हे, १० न्यूटन. १९.६ ही फक्त कमाल मर्यादा. पेटी जागची हलत नाही तोवर घर्षण धक्क्याइतकंच असतं.

प्रयोगशाळेला दुय्यम समजू नका. साधा दोलकच बघा. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक झाली, तर २ सेकंदांच्या एका दोलनात ती १० टक्के होते. २० दोलनं मोजून भागलं तर अर्धा टक्का. दोलक सोडण्याचा कोन १० अंशांच्या आत ठेवा, कारण ३० अंशांना आवर्तकाल (एका दोलनाचा वेळ) सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजायची असते, आणि नेमकी इथेच गफलत होते. दोरा संपतो तिथपर्यंतच मोजली आणि गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असली, तर २० सेंटिमीटरच्या दोलकावरून जीची (गुरुत्व त्वरणाची) किंमत ९.८ ऐवजी ९.३ च्या आसपास येते. मात्र पाच-सहा लांबी घेऊन आवर्तकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढला, तर रेषेचा चढ तोच राहतो, सुमारे ४.०३. चुकीमुळे रेषा फक्त थोडी वर सरकते आणि आरंभबिंदूतून जात नाही. म्हणजे जी बरोबर मिळतो, वर चूक कशात झाली तेही कळतं. अहवालात ‘मानवी चूक’ एवढंच लिहिलेलं कुणाला चालत नाही. कुठली चूक, उत्तर कुठल्या बाजूला आणि किती सरकलं, हे लिहावं लागतं.

विद्युतशास्त्रात अडचण वेगळी: काहीच डोळ्यांना दिसत नाही. धारित्राच्या (कपॅसिटरच्या) पाट्यांमध्ये पराविद्युत (काचेसारखा विद्युतरोधक पदार्थ) सरकवला तर साठलेली ऊर्जा वाढेल की घटेल? बॅटरी जोडलेली असेल तर विभवांतर (व्होल्टेज) कायम, ऊर्जा वाढते. बॅटरी काढलेली असेल तर प्रभार कायम, ऊर्जा घटते. काय स्थिर आहे हे आधी लिहा, मगच सूत्राला हात लावा.

गणित मात्र आधीच पक्कं हवं: सदिशांचे घटक, त्रिकोणमिती, लॉगरिदम, आणि कोर्स कॅल्क्युलसवर आधारलेला असेल तर विकलन-संकलनही. धारित्र रोधातून भरतो तेव्हा एका कालस्थिरांकात (रोध गुणिले धारिता एवढ्या वेळात) ६३ टक्के भरतो, हा आकडा घातांकी फलनातून येतो. फलन कळलं की पाठ करायची गरज उरत नाही. आणि दोलनांच्या गणितांना बसण्याआधी कॅल्क्युलेटर रेडियनवर करा. कोसाइन २ ची किंमत उणे ०.४१६ यायला हवी. ०.९९९ दिसली, तर तो अजून अंशांवरच आहे.