तुम्ही विचारलंत म्हणून : हा कुणावर ओरडतोय?

दर गणपतीत, मंडळाच्या जेवणाच्या रांगेत, कुणीतरी विचारतंच. अलीकडे पुण्या-मुंबईतली मेटल ऐकणारी पोरंही विचारतात. त्यांना कुठूनतरी कळलेलं असतं की मी न्यू जर्सीत वाढलो. शब्द वेगवेगळे असले तरी प्रश्न एकच असतो. जेमतेम तीन वर्षं टिकलेल्या, मूळ माणसांचा त्या काळात एकच अल्बम निघालेल्या डेडगाय नावाच्या बँडमध्ये एवढं काय आहे, की पन्नाशीकडे झुकलेला माणूस अजून त्याचंच घेऊन बसलाय? घरातले लोक हाच प्रश्न जरा वेगळ्या सुरात विचारतात : भजनं गाणाऱ्या बापाच्या पोटी जन्मून ही आरडाओरड कशी आवडते?

इतकी वर्षं मी समोरच्याला पटेल असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता खरं उत्तर लिहितो. ते लांबलचक आहे, आणि पुरं आहे असंही नाही.

आधी संगीताचं सांगतो, कारण तेवढंच मला आत्मविश्वासानं सांगता येतं. 1994 साली न्यू ब्रन्सविकमध्ये हे लोक एकत्र आले. आमच्या एडिसनच्या शेजारचंच हे गाव, रटगर्स विद्यापीठाचं. तिथे घरांच्या तळघरांत, पाण्याच्या पाइपाखाली डोकं वाकवून उभं राहायचं आणि बँड ऐकायचा, अशी पद्धत होती. गिटारवाला कीथ हकिन्स हा रोरशाख नावाच्या आधीच्या बँडमधून आलेला. गायक टिम सिंगर. मी गायक म्हणतो तेव्हा तुम्ही हसता, ते मला माहीत आहे. एक सेव्हन-इंच, म्हणजे दोन-चार गाण्यांची छोटी तबकडी, मग ‘वर्क एथिक’ नावाची छोटी रेकॉर्ड आणि 1995 मध्ये शिकागोच्या व्हिक्टरी रेकॉर्ड्सकडून ‘फिक्सेशन ऑन अ कोवर्कर’.

या दोन नावांकडे जरा बघा : ‘कामावरची निष्ठा’ आणि ‘सहकाऱ्याचा ध्यास’. त्या काळातला हार्डकोर, म्हणजे पंकचा जास्त कडक प्रकार, कशाबद्दल ओरडायचा? बंधुभाव, दारू-सिगारेटला हात न लावण्याची शपथ, प्राण्यांचे हक्क. त्या सगळ्याला माझा मान आहे. पण तो राग एखाद्या तत्त्वाच्या बाजूनं उभा असायचा. डेडगायचा राग नोकरीतला होता, टेबलाशेजारच्या माणसाचा होता. त्याला झेंडा नव्हता. गिटारींचंही तसंच. बाबांच्या पेटीवर मी लहानपणी शुद्ध आणि कोमल गंधार एकदम दाबायचो. तेव्हा जो घासल्यासारखा आवाज यायचा आणि बाबा स्वयंपाकघरातून ‘अरे!’ म्हणायचे, त्या आवाजावर या लोकांनी अख्खी गाणी बांधली होती. मेटलमधला जडपणा घेतला, पण मेटलचा डौल टाकून दिला. ब्रेकडाउन, म्हणजे लय उतरून ठोके जड होतात तो भाग, येतो, पण त्यावर नाचता येत नाही, कारण आपण पाय टाकायच्या आतच तो जागा बदलतो.

आता प्रभावाचं. 1997 मध्ये डेडगाय संपला आणि त्याच वर्षी, त्याच न्यू जर्सीत, द डिलिंजर एस्केप प्लॅन हा बँड उभा राहिला. त्यांचा 1999 चा ‘कॅल्क्युलेटिंग इन्फिनिटी’ जगभर गाजला. तो ध्वनिमुद्रित करणारा स्टीव्ह एव्हेट्स हाच माणूस ‘फिक्सेशन’च्या वेळी बटणांमागे होता. दोन्ही अल्बम एकामागोमाग ऐका, म्हणजे माझं म्हणणं कळेल. पुढच्यांनी वेग वाढवला, गणित वाढवलं. पण सगळं मोडकळीला आलंय आणि तरीही एकजीव वाजतंय, हा जो भास आहे तो आधीच तिथे होता. ‘डेसिबल’ मासिकानं पुढे ‘फिक्सेशन’ला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा इथल्या कुणालाच नवल वाटलं नाही.

विशीत मी याहून पुष्कळ जास्त बोलायचो. सगळं यांच्यापासूनच सुरू झालं, असं म्हणायचो. ते चूक होतं. रोरशाख आधी होता, फिलाडेल्फियाचा स्टार्कवेदर आधीपासून होता, क्लीव्हलंडचा इंटिग्रिटीही होता. आणखी एक म्हणायचो : तुकोबाही विठोबाशी भांडतात, मग या रागाला नावं का ठेवता? तेही मी मागे घेतो. तुकोबांचं भांडण ज्याच्याशी आहे त्याच्यावर त्यांचा जीव आहे. या अल्बममधल्या माणसाचा समोरच्यावर जीव नाही. हा फरक लहान नाही, आणि तुम्हाला गप्प करण्यासाठी मी तो लपवत होतो.

खरं कारण 1996 च्या फेब्रुवारीतलं आहे.

त्या जानेवारीत इथे बर्फाचं प्रचंड वादळ झालं होतं. रस्त्याच्या कडेचे काळे पडलेले ढीग महिनाभर वितळत नव्हते. मी सतरा वर्षांचा. गाडीचा परवाना नुकताच मिळालेला. बाबा एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होते. आम्ही 1990 ला दादरहून इथे आलो ते त्या नोकरीवर. ते रोज शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या गाडीतून जायचे-यायचे. हा गृहस्थ दर दिवाळीला आमच्याकडे असायचा. आईच्या चकल्या डब्यात भरून न्यायचा.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास बाबांचा फोन आला. ‘आईची गाडी घेऊन येशील का? आज लवकर सुटलोय.’ एवढंच. मी पोहोचलो तेव्हा ते पार्किंगच्या टोकाशी उभे होते. कोटाची बटणं उघडी, हातात पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात कॅल्क्युलेटर, दोन पुस्तकं, चहाचा मग आणि टेबलावरचा छोटा गणपती. मी खोका घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, ‘असू दे, जड नाहीये.’ मांडीवर घेऊनच बसले.

मी किल्ली फिरवली आणि टेप सुरू झाला. त्या डिसेंबरात फोर्ड्सच्या व्हिंटेज व्हिनाइल दुकानातून मी ‘फिक्सेशन’ची सीडी आणली होती आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर भरली होती. येताना आवाज पूर्ण चढवलेला. बंद गाडीत, खोका घेऊन बसलेल्या माझ्या बापाच्या अंगावर टिम सिंगरचा तो फाटलेला आवाज एकदम आला. मी बंद करायला हात नेला. बाबांनी माझा हात धरला. रागानं नाही, नुसता धरला. ‘राहू दे.’

रूट वनवर त्या दिवशी गर्दी होती. एक गाणं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याच्या मधे कुठेतरी बाबा काचेबाहेर बघत म्हणाले, ‘गार्ड उभा होता माझ्यामागे. सामान भरेपर्यंत. आणि हा शेजारी बसलेला. मान वर केली नाही रे त्यानं.’

मी काही बोललो नाही. सिग्नलला थांबलो. त्यांनी पुढ्यातलं कॅसेटचं रिकामं कव्हर उचललं, चष्मा वर करून माझ्या अक्षरातलं नाव वाचलं. ‘को-वर्कर म्हणजे ऑफिसातलाच ना?’

‘हो.’

‘हा कुणावर ओरडतोय?’

त्यांना ते खरोखर जाणून घ्यायचं होतं. बाबा पद समजल्याशिवाय म्हणत नसत. अर्थ विचारायचे, न लाजता, कुणालाही. आणि मला शब्द येत होते. सीडीतलं पुस्तक मी शाळेच्या बसमध्ये पाठ केलं होतं. जगातला हा एक विषय होता ज्यात मी त्यांना काही सांगू शकलो असतो, आणि तोही नेमका त्या दुपारी.

मी म्हणालो, ‘कुणावर नाही, बाबा. नुसतं म्युझिक आहे. याला अर्थ नसतो.’

त्यांनी मान हलवली आणि कव्हर जागेवर ठेवलं. घर येईपर्यंत ऐकत राहिले. मग आईला काय सांगायचं ते ठरवत पाच मिनिटं ड्राइव्हवेत बसलो.

का म्हणालो मी तसं? तुम्ही म्हणाल, पोरगा होतास. मीही कित्येक वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण ते पुरत नाही. मला भीती वाटली की मी खरं सांगितलं तर बाबा रडतील. आणि त्याहून वाईट म्हणजे, हे माझं आहे, यात बापानं येऊ नये, असंही वाटलं होतं. दोन्ही एकाच क्षणी. कोणतं जास्त, ते आजही सांगता येत नाही. बाबांना चार महिन्यांनी दुसरी नोकरी लागली, कमी पगाराची. तो सहकारी परत कधी आला नाही. बाबांनी त्या संगीताबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. 2019 मध्ये ते गेले.

आणि मी ती कॅसेट झिजवत होतो तेव्हा तो बँड आतून केव्हाच फुटलेला होता, हे मला खूप उशिरा कळलं. अल्बम निघाला त्याच सुमारास, एका थकवणाऱ्या दौऱ्यानंतर, सिंगर आणि हकिन्स बाहेर पडले. सिएटलला जाऊन रोरशाखच्याच जुन्या सोबत्यांबरोबर त्यांनी किस इट गुडबाय नावाचा बँड काढला. त्याचाही एकच अल्बम, 1997 चा. इकडे उरलेल्यांनी बेसवाल्या टिम नाउमनला माइकसमोर उभं केलं, 1996 ला ‘स्क्रीमिन’ विथ द डेडगाय क्विन्टेट’ केलं आणि पुढच्या वर्षी संपले. त्या दुसऱ्या रेकॉर्डशी मी अन्यायानं वागलो. दहा-बारा वर्षं तिला हात लावला नाही. चांगली आहे ती. तिच्यातला उद्वेग जास्त मोकळा आहे.

म्हणजे मूळ पाच जणांचा काळ दोन वर्षांचाही नाही. पोरं विचारतात, ‘काका, तुम्ही त्यांना पाहिलंय?’ नाही. राहत होतो पंधरा मिनिटांवर. पण रात्री तळघरात जातो असं आमच्या घरी सांगण्याची सोय नव्हती, आणि खोटं बोलून जाण्याइतकं धाडस माझ्यात नव्हतं.

2021 ला ते फिलाडेल्फियात पुन्हा एकत्र वाजले, तेव्हा तर कोणतीच आडकाठी नव्हती. तरी गेलो नाही. तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो की काही गोष्टी संपलेल्याच बऱ्या, थोडक्यात संपला म्हणूनच तो बँड शुद्ध राहिला. त्याच उन्हाळ्यात व्हिंटेज व्हिनाइल कायमचं बंद झालं होतं आणि मला सगळंच संपवून टाकायची घाई झाली होती, असं आता वाटतं. शुद्ध वगैरे काही नसतं. एका गाडीत महिनोन् महिने कोंबलेली, खिशात पैसे नसलेली माणसं एकमेकांना कंटाळली, इतकं साधं असू शकतं. त्यांच्या भांडणाला मी तत्त्व चिकटवलं, कारण मला ते हवं होतं.

अजून एक सांगायचं राहिलं. ते गाळून हे लिहिणं म्हणजे पुन्हा ‘नुसतं म्युझिक आहे’ म्हणण्यासारखं होईल.

2023 च्या मार्चमध्ये आमच्या ऑफिसात माणसं कमी केली. माझ्या शेजारी बसणारा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा सहकारी सामान भरत होता. रोज त्याच्याबरोबर जेवलेला मी. मला उठता आलं असतं. लिफ्टपर्यंत खोका धरता आला असता. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. माझ्याही नावाची धाकधूक होती, हे खरं. पण नव्वद सेकंदांचं काम होतं ते. तो दाराबाहेर गेल्यावर मी मान वर केली.

त्यानंतर सात महिने मी तो अल्बम लावला नाही. सवय म्हणून एकदा लावायला गेलो, तर पहिल्याच ओळीला बंद केला. एवढी वर्षं मी त्या आवाजाच्या बाजूला उभा आहे असं समजत होतो.

2025 च्या जूनमध्ये त्यांचा नवा अल्बम आला, ‘निअर-डेथ ट्रॅव्हल सर्व्हिसेस’, मूळ पाच जणांचा. मग बँड अल्पायुषी कसा, हा तुमचा नवा प्रश्न. मी मधली अठ्ठावीस वर्षं मोजतो, तुम्ही नका मोजू. वाद घालणार नाही. तीस वर्षांनी तोच माणूस ओरडतोय आणि आवाजात वय ऐकू येतं. राग कमी झालेला नाही. तो कमी व्हायला हवा होता का, हे मला सांगता येत नाही. त्या दुपारी बाबा जेवढ्या वयाचे होते तेवढा मी आता आहे.

भाच्याला पाठवला होता. हिंजवडीत नुकताच लागलाय तो, पहिली नोकरी. परवा त्याचा फोन आला. ‘मामा, जुनाच जास्त ऐकतोय मी. पण शब्द कळत नाहीत. कुणाला बोलतोय हा एवढं?’

मी सीडीतलं पुस्तक शोधून काढलं. त्याच्या कडा आता पिवळ्या झाल्यात. चष्मा लावला आणि पहिल्या गाण्यापासून ओळ न ओळ मराठीत सांगायला लागलो. अडलो तिथे थांबलो, परत मागे गेलो. त्यानं मधे मधे विचारलं, मीही कंटाळा केला नाही. तिसऱ्या गाण्याच्या अर्ध्यापर्यंत आलो तेव्हा त्याची शिफ्ट सुरू झाली.