तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे प्रार्थनेला बसावंच लागतं का?

पुण्यात एका ख्रिस्ती संस्थेच्या आधारगृहात मी नऊ वर्षं जातीये. देहव्यापारातून सुटलेल्या मुली आणि बायका तिथे राहतात, आणि हे कुणाला कळलं की हा प्रश्न येतोच, की काय हो, तिथे राहायचं तर प्रार्थनेला बसावंच लागतं का? खरं तर धर्म बदलायला लावता का हे विचारायचं असतं, पण आपली माणसं जरा आडून विचारतात. सोसायटीतल्या काकूंनी विचारलंय, बँकेतल्या सरांनी विचारलंय, माझ्या सख्ख्या मावसबहिणीने विचारलंय. मला राग येत नाही, विचारायलाच हवं असं हे आहे.

तर नाही, बसावं लागत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये गाणी आणि प्रार्थना असते, ज्यांना यायचं त्या येतात, बाकीच्या टीव्ही बघतात, केस विंचरतात, झोपतात. एकीच्या उशाशी यल्लम्माचा फोटो आहे. एकजण रोजे धरते, मग त्या महिन्यात पहाटे तिला स्वयंपाकघर उघडून द्यायची पाळी लावतो आम्ही.

पण एवढं सांगून मी मोकळी झाले तर ते अर्धंच उत्तर होईल, कारण "बळजबरी नाही" असं आपण म्हणतो तेव्हा समोरची "नाही" म्हणू शकते हे आपण धरूनच चालतो आणि इथेच सगळं अडतं.

ती कुठून आलेली असते बघा. रेड पडते, पोलीस गाडीत बसवतात, तिला वाटतं आपल्यालाच अटक झाली. मग मेडिकल, वय किती हे ठरवायला हाडांचा एक्स-रे, अठराच्या आतली असेल तर बालकल्याण समितीसमोर, मोठी असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर. १९५६ चा जो कायदा आहे अनैतिक व्यापाराविरुद्धचा, त्यात चौकशीनंतर मॅजिस्ट्रेट तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवायचा आदेश देऊ शकतात, सज्ञान असली तरी. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना सोडायला सांगितलं, त्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांना असं ठेवता येणार नाही म्हणून, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना सांगितलं की अशा गृहांमध्ये मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायका किती आहेत ते बघा आणि त्यांना सोडायची व्यवस्था करा. म्हणजे बघा, कोठ्याच्या मालकिणीच्या, घरवालीच्या ताब्यातून ती सुटते आणि पुन्हा कुलपातच जाते, कुलूप लावणारे चांगल्या हेतूचे असतात एवढाच फरक. आणि या सगळ्यात तिला कुणी विचारलेलं नसतं की बाई तुला काय हवंय.

अशी मुलगी आपल्या दारात येते, आपण तिला जेवायला वाढतो, अंथरूण देतो, तिच्याबद्दलचा रिपोर्टही आपल्याच हातात असतो, आणि मग आपण हसून विचारतो की येतेस का प्रार्थनेला. ती येणारच ना. खोलीतल्या माणसाला काय हवंय ते चेहऱ्यावरून ओळखायचं, हे तिला मारून मारून शिकवलेलं असतं. त्या "हो"ला मी आता "हो" धरत नाही.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे, म्हणजे उपासनेत उभं राहून देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. आधारगृहातली एक मुलगी, तिचं नाव गाव काहीच सांगणार नाही, सुंदर गायची, आणि मीच तिला म्हटलं की रविवारी साक्ष देशील का, लोकांना कळेल, मदत मिळेल. "हो ताई" म्हणाली. उभी राहिली, सगळं सांगितलं, कुठे ठेवलं होतं, काय काय केलं, लोक रडत होते, दानाच्या पेटीत त्या दिवशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडले. त्या रात्रीपासून ती जेवेना. चौथ्या दिवशी मला म्हणाली, ताई, कोर्टात पण साक्ष, देवळात पण साक्ष, मी अजून किती जणांसमोर कपडे काढू?

चर्चला ती देऊळच म्हणायची.

त्यानंतर मी हा विषय कमिटीसमोर नेला, भांडणं झाली, काही देणगीदार नाराज झाले. आता आमच्याकडे नियम आहे की आधारगृहात राहणाऱ्या कुणाचीही साक्ष नाही, फोटो नाही, पाठमोरा सुद्धा नाही. मी तिची माफी मागितली होती. ती काही बोलली नाही, आणि तिने बोलायलाच हवं होतं असं मला वाटत नाही.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही हेही सांगते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन हे वसतिगृह आणि शाळा काढली, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि १८९३ मध्ये गदारोळ उठला की इथे मुलींना ख्रिस्ती करतात. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कुणी येऊन बसलं तर मी हाकलणार नाही. आमच्या घरात ही गोष्ट कायम रमाबाईंच्या बाजूने सांगितली जायची आणि मीही त्यांच्याच बाजूची आहे, केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी कृपा सदन काढलं तेव्हा "बिघडलेल्या" म्हणून ज्यांना कुणी उंबऱ्यात उभं करत नव्हतं अशा बायकांना त्यांनी घरात घेतलं, हे मी विसरू शकत नाही. तरी आता मला दुसरी बाजूही कळते. दार उघडं असलं तरी घर कुणाचं आहे हे मुलींना माहीत असतं.

मग देवाचं नाव कशाला हवं, असंही विचारतात. मला हवंय म्हणून. कोर्टाची तारीख सहाव्यांदा पुढे जाते, आधार कार्डासाठी पत्ता काय लिहायचा इथे तिसऱ्या खेपेलाही गाडी अडते, बंगालमधल्या मुलीचा गृहचौकशी अहवाल यायला महिनोन् महिने लागतात, आणि एखादी एके पहाटे निघून जाते, परत तिकडेच, कारण घरी पैसे पाठवायचे असतात आणि शिवणकामात तेवढे मिळत नाहीत. अशा वेळी पुढच्या शनिवारी पुन्हा तिथे जायचं बळ मला प्रार्थनेतून येतं. मार्काच्या शुभवर्तमानात आंधळा बार्तीमय रस्त्याच्या कडेला बसून हाका मारतो, त्याला काय हवंय हे दिसतच असतं, तरी येशू त्याला आधी विचारतो की मी तुझ्यासाठी काय करू. ही ओळ मी लहानपणापासून ऐकलीये, पण त्यातलं ते विचारणं मला साक्ष दिलेल्या त्या मुलीमुळे ऐकू आलं.

ती आता दुसऱ्या शहरात एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला आहे, खोली करून राहते. मागच्या डिसेंबरमध्ये मी फोन केला, नाताळला ये म्हटलं. म्हणाली, "नाही ताई, त्या दिवशी डबल ड्यूटीचे पैसे मिळतात, मी नाही येणार." बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "करंज्या पाठवा पण, ओल्या नारळाच्या नको, त्या टिकत नाहीत."